मोपाचं विमान आणि कुळागरातली मोटर

11 डिसेंबर 2022 ला आमच्या पेडण्यात मोपा विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 5 जानेवारी 2023 पासून विमानं सुटू लागली. आम्ही दोघं पहिल्यांदा तिथून निघालो, तेव्हा इंजिनं सुरू झाल्यावर आतले दिवे क्षणभर मिचकले. सौ.ने माझा हात घट्ट धरला. आमच्याकडे दिवा मिचकला की पुढे काय होतं, ते तिला ठाऊक!

विमानांच्या देखभालीत असलेला भाचा नंतर म्हणाला, "मामा, वीज एका जनित्रावरून दुसऱ्यावर गेली, इतकंच." मग त्याने सगळं नीट समजावलं.

विमानाचं इंजिन कधी जोरात फिरतं, कधी हळू. एअरबस ए-320 मध्ये इंजिन आणि जनित्र यांच्यामध्ये एक यंत्रणा असते. ती जनित्राचा वेग एकसारखा ठेवते, म्हणून फ्रिक्वेन्सी 400 हर्ट्झ राहते. आपल्या घरी ती 50 असते. व्होल्टेज 115 वर ठेवणं हे वेगळ्या कंट्रोल युनिटचं काम. ते सतत मोजत राहतं. जेवण गरम करायला ओव्हन लावले, व्होल्टेज जरा उतरलं, की जनित्रातल्या चुंबकाला जाणारा छोटासा करंट ते वाढवतं. भार उतरला की कमी करतं. सगळा खेळ त्या छोट्या करंटचा.

आणि तरीही आवरलं नाही, तर ते युनिट आपलं जनित्रच तोडून टाकतं. वाईट वीज पुढे जाऊ देत नाही. भार दुसरं जनित्र उचलतं.

हे ऐकताना मला 1980 च्या दशकातली डिचोली आठवली. तेव्हा आमच्या शाखेतून कुळागरवाल्यांना पंपासाठी कर्ज द्यायचो. उन्हाळ्यात व्होल्टेज उतरायचं. मोटर तेवढंच पाणी खेचायला जास्त करंट ओढते, मग गुंडाळी तापून जळते. स्टार्टरमध्ये तोडणारा रिले असायचा हो! पण तो सारखा पडतो, शिंपणं थांबतं, म्हणून काहीजण तो बांधूनच ठेवायचे. मोटर जळायची, हप्ता तेवढा राहायचा.

पाणी दोन तास थांबलं म्हणून पोफळ मरत नाही. मोटर दुरुस्त होऊन येईपर्यंत पंधरा दिवस गेले, तर मात्र तिला फटका बसतो. तुमच्या पंपाचा रिले कोणी बांधून ठेवला असेल, तर आजच सोडवा.