अठरा तास

गेले दोन महिने आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. वर लेकीच्या अक्षरात 'बोनेर' आणि खाली माझ्या अक्षरात भलीमोठी आकडेमोड. येणारा-जाणारा वाचतो आणि विचारतो, "हे कुठलं गाव?"

गाव नाही हो, बेट आहे. कॅरिबियन समुद्रात, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटरवर. अरुबा आणि क्युरासाओची शांत बहीण. २०१० पासून नेदरलँड्सची खास नगरपालिका, पण २०११ पासून चलन अमेरिकन डॉलर. चक्रीवादळांची नेहमीची वाट हिच्या उत्तरेकडून जाते, त्यामुळे सहसा वादळांचा त्रास नाही. आणि १९७९ पासून बेटाभोवतीचा सगळा समुद्र, ६० मीटर खोलीपर्यंत, संरक्षित. स्कूबावाल्यांसाठी तिथली खरी चैन म्हणजे बोट लागत नाही. रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड ठेवलेत, त्यावर त्या त्या जागेचं नाव. पिकअप उभी करायची, पाठीवर टाकी चढवायची आणि चालत चालत समुद्रात शिरायचं.

हे सगळं लेकीचं खूळ. कॉलेजात ती डायव्हिंग शिकली आणि मग माझ्या मागे लागली. एक्कावन्नाव्या वर्षी मी टेक्सासच्या एका तळ्यात शिकले. पाणी ग्रीन टीसारखं, स्वतःचा हातसुद्धा दिसत नव्हता. सर्टिफिकेट मिळालं तेव्हा लेक म्हणाली, "आई, आता तुला खरा समुद्र दाखवते." म्हणून बोनेर.

ठरवणं सोपं होतं, जमवणं अवघड. ह्यूस्टनहून आम्हाला सोयीचं थेट विमान शनिवारी, म्हणून शनिवार ते शनिवार. बेटावर शिरण्याचा कर माणशी ७५ डॉलर, आधीच ऑनलाइन भरायचा. समुद्रात उतरायची फी वेगळी, ४० डॉलर, ती वर्षभर चालते. पहिली डाइव्ह त्यांच्या देखरेखीखाली, तुम्हाला पाण्यात स्थिर राहता येतं ना हे बघायला. हातमोज्यांना बंदी, कारण हातमोजे घातले की माणूस प्रवाळाला हात लावतो. भाड्याच्या पिकअप बऱ्याचदा गियरच्या. इथे जन्मलेल्या लेकीला ते येत नाही, म्हणजे पुण्यात शिकलेली मी ड्रायव्हर! गाडीत मौल्यवान काही ठेवायचं नाही आणि काचा उघड्याच ठेवायच्या, म्हणजे चोराला फोडायची तसदी नको. माझी चाळिशी, म्हणून नंबरचा मास्क. असो. ही यादी लांबतच जाईल.

पण सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच निघाली. डायव्हिंगच्या सहलीचं वेळापत्रक शेवटाकडून मांडावं लागतं. आधी परतीच्या विमानाची वेळ, मग तिथून मागे मोजत यायचं.

कारण असं. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. वीस मीटरवर तो तिप्पट. त्या दाबाखाली आपण श्वास घेतो तेव्हा हवेतला नायट्रोजन जास्त प्रमाणात रक्तात आणि शरीरात विरघळतो. वर आल्यावर तो बाहेर पडतो, पण सावकाश. तोवर विमानात बसलात तर? विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, साधारण दोन-अडीच हजार मीटर उंच डोंगरावर असतो तेवढा. गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर काय होतं ते आठवा. तेच बुडबुडे सांध्यांत, कधी मज्जारज्जूतसुद्धा. म्हणून नियम आहे: एकच साधी डाइव्ह केली असेल तर निदान १२ तास उडायचं नाही, रोज रोज करत असाल तर निदान १८. बरेच जण सरळ २४ धरतात.

म्हणजे शनिवारच्या विमानासाठी शेवटची डाइव्ह गुरुवारी, शुक्रवार कोरडा. कागदावर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, झालं.

झालं नाही. त्या रात्री अकराला मी परत फ्रिजसमोर उभी. हा नियम शनिवारपुरता नाही, हे डोक्यात शिरलं होतं. रविवार ते गुरुवार, रोज, मी विमानापासून अठरा तास लांब असणार. आणि मध्येच फोन आला तर?

कुठला फोन, ते परदेशात राहणाऱ्यांना सांगायला नको.

२०१४ च्या जुलैमध्ये बाबा गेले तेव्हा आम्ही यलोस्टोनमध्ये होतो. दिवसभर फोनला रेंज नाही. संध्याकाळी एका पेट्रोल पंपावर दादाचे निरोप एकामागून एक येऊन पडले. मी पुण्याला पोचले ती चौथ्या दिवशी. अस्थीसुद्धा गोळा करून झाल्या होत्या. कोणी एका शब्दाने बोललं नाही. तेच जास्त लागलं.

आई आता एक्क्याऐंशीची. दादा शेजारच्याच इमारतीत असतो, पण या जानेवारीत ती पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, अजून वॉकर आहे. तेव्हापासून मी उशाशी फोन घेऊन झोपते. आणि आता म्हणे समुद्राच्या तळाशी जाणार!

मग बसले गणित करायला. बोनेरहून पुणे गाठायचं तर ह्यूस्टनला परत यायचीच गरज नाही. मी पाहिलं त्या आठवड्यात संध्याकाळी ॲमस्टरडॅमचं विमान होतं, साधारण नऊ तास. पुढे मुंबई आणखी नऊ. मधला वेळ आणि मुंबई-पुणे धरून सत्तावीस-अठ्ठावीस तास. ह्यूस्टनहून एरवी फार कमी लागत नाहीत! म्हणजे प्रश्न बेटाचा नव्हताच, पाण्याचा होता.

फोन रात्री आला, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसंही विमान नाही. आदली डाइव्ह दुपारी दोनच्या आत संपली असेल तर चोवीस तासांहून जास्त होऊन गेलेले असतात. काहीच नुकसान नाही. पण सकाळी पाण्यातून बाहेर आले आणि फोन दिसला, तर त्या संध्याकाळचं विमान मला चढता येणार नाही. एक दिवस. फार तर एक दिवस जाईल.

कागदावर 'एक दिवस' लिहिलं. आणि त्याच्याकडे बघत बसले. एक दिवस थोडा की फार, हे कोणाला विचारायचं?

शेवटी जिची भीती तिलाच विचारलं. रविवारी व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. नायट्रोजन, सोड्याची बाटली, ॲमस्टरडॅम, सगळं. आईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे मी गेले तर तुला यायला एक दिवस उशीर होईल, असंच ना?"

मी गप्प.

"थांबेन की एक दिवस. बर्फ मिळतो हल्ली."

मागून दादा ओरडला, "आई, काय बोलतेस!" ती स्वतःच हसत होती. आईचं माहेर शिरोड्याचं. म्हणाली, "आमच्याकडे होड्या रात्री समुद्रात जायच्या. बायका काय दारात बसून राहायच्या? चुलीवर भात टाकायच्या."

मग जरा थांबून म्हणाली, "बाबांच्या वेळचं अजून मनात धरून बसलीयस का तू?"

इतक्या वर्षांत आम्ही हे बोललो नव्हतो.

"तू चौथ्या दिवशी आलीस ते बरंच झालं. पहिले तीन दिवस घरात इतकी माणसं, मला रडायलासुद्धा खोली मिळाली नाही. तू आलीस तेव्हा सगळे पांगले होते. मग महिनाभर तू होतीस. रात्री माझ्या शेजारी झोपायचीस. ते आठवतं मला. तुझं विमान कधी उतरलं ते कोणाला आठवतंय?"

मला काही बोलता आलं नाही. तिने विषय बदलला, "तिथे बघण्यासारखं काय आहे?" प्रवाळ, कासवं, १९८४ साली बुडालेलं एक जहाज, असं सांगत गेले. दक्षिणेला मिठागरं आहेत, फ्लेमिंगो येतात, म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. शिरोड्याचं मिठागर, १९३० च्या सत्याग्रहाचं, तिच्या घरापासून चालत जाण्याइतकं. "मग मला मीठ आण," म्हणाली. "शंखशिंपले नकोत, धूळ बसते."

शंखशिंपले आणायला तसंही तिथे परवानगी नाही. बरं झालं.

तर आता कागद असा आहे. रोज दोन डाइव्ह, दोन्ही दुपारी दोनच्या आत. लेक कुरकुरली, तिला रात्रीची डाइव्ह हवी होती. मी म्हटलं, तू जा, मी किनाऱ्यावर फोन घेऊन बसते. ॲमस्टरडॅमच्या विमानाच्या वेळा लिहून ठेवल्यात. पासपोर्टच्या पाकिटात ओसीआय कार्ड टाकलंय. कॅरिबियनला जाताना भारताचं कार्ड कशाला, असं नवरा विचारणार होता, पण कागद वाचून त्याने विचारलं नाही.

आईचं सगळं ऐकूनही कार्ड काढलेलं नाही. भीती जाते असं नाही. पण ती सामानात एका बाजूला नीट बसली, की बाकीच्यांना जागा होते.

कोरड्या शुक्रवारपुढे अजून एकच ओळ आहे. सकाळी आठ वाजता, म्हणजे पुण्यात संध्याकाळी साडेपाच, आईच्या चहाच्या वेळी, मिठागरासमोर उभं राहून फोन. या वेळी मी करणार.