चालू पीस आहे का?

जालना रस्त्याने छत्रपती संभाजीनगर शहराबाहेर पडून चिकलठाणा मागे टाकलं, की थोड्या वेळात शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. स्कोडाचा कारखाना इथे 2001 मध्ये सुरू झाला. ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीचे रुंद, सरळ रस्ते त्यानंतरचे. सगळी वर्दळ नव्याची. पण अशा वसाहतींमध्ये जुन्यालाही मोठा मान असतो, फक्त तो रस्त्यावरून दिसत नाही. तो पाहायचा तर मेंटेनन्सच्या खोलीत जावं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं मशीन अजून मायक्रॉनमध्ये माप धरतं, पण त्याला प्रोग्राम पुरवणारा संगणक विंडोज एक्सपीवरचा, मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असलेला. तो बसला की मशीन बसलं. म्हणून जुने मदरबोर्ड, आयडीई हार्डडिस्क, चपट्या केबली कपाटात जपून ठेवायच्या, आणि साठा संपला की पार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत फोन फिरवायचे : ‘चालू पीस आहे का?’

लाइन बंद राहिली तर तासाला किती नुकसान, हे तिथे सगळ्यांना तोंडपाठ असतं. त्यामुळे पीस मिळेपर्यंत कुणी थांबत नाही.

हाच प्रश्न विचारत आणखी एक गिऱ्हाईक बाजारात फिरत असतं. त्याला वाचायचं असतं, पत्र लिहायचं असतं, कधी कधी नुसतं बोलायचं असतं. त्याची लाइन बंद पडली तर तासाचा हिशेब कुणी मांडत नाही.

दृष्टिहीन माणसाचा संगणक बोलतो. आज हे काम सोपं झालंय. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल करन यांनी 2006 मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि ई-स्पीकच्या आवाजात मराठीही वाचून दाखवतो. पण 1980च्या दशकात आणि 90च्या सुरुवातीला बहुतेक संगणकांना स्वतःचा आवाज नव्हता. आवाजासाठी वेगळं यंत्र लागे : सिरियल केबलने जोडायची डेकटॉकसारखी पेटी, किंवा मदरबोर्डवरच्या लांबलचक काळ्या आयएसए स्लॉटमध्ये बसणारं कार्ड. टेड हेंटर यांचा जॉज हा स्क्रीन रीडर 1989च्या सुमारास आला तो डॉसवर, आणि तो बोलायचा अशाच यंत्रांतून. बाहेरच्या माणसाला तो आवाज पत्र्यावर खडे ओतल्यासारखा वाटतो. सरावलेल्या कानाला मात्र वेग कितीही वाढवला तरी त्यातला शब्द न् शब्द कळतो. गोड, माणसासारखे नवे आवाज त्या वेगाला पुसट होतात. हाताचंही तसंच. कुठली कळ दाबली की कुठली ओळ ऐकू येते, हे वर्षानुवर्षांच्या सरावाने बोटांत बसलेलं असतं. ‘नवा घ्या ना, जुन्यात काय अडकलात’ असं सांगणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

जुना आवाज न सोडण्याच्या हट्टाचं सगळ्यांत मोठं उदाहरण मुंबईने प्रत्यक्ष ऐकलंय. शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना सुरू झाला त्याच वर्षी, जानेवारी 2001 मध्ये, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी यंत्राच्या आवाजात बोलणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग मुंबईत आले होते. त्यांचा 59वा वाढदिवसही तिथेच झाला. तेव्हा मुंबईकरांनी ऐकलेला तो धातूचा, अमेरिकी वळणाचा आवाज कॉलटेक्स्ट 5010 नावाच्या कार्डातून येत होता. एमआयटीचे डेनिस क्लॅट यांनी स्वतःच्या आवाजावरून तो घडवला होता. क्लॅट 1988 मध्ये गेले. कार्ड बनवणारी कंपनी दुसरीने घेतली, दुसरीला तिसरीने. पुढे कितीतरी सुरेल आवाज निघाले. हॉकिंगनी एकही घेतला नाही. तो आवाज आता त्यांचा झाला होता.

कार्डं मात्र म्हातारी होत होती आणि बदलीला नवी मिळत नव्हती. 2014 मध्ये हॉकिंग यांचे तंत्रसहायक जोनाथन वुड यांनी थेट एरिक डॉर्सी यांना गाठलं. 1980च्या दशकात त्या कार्डावर काम केलेले हे कॅलिफोर्नियातले अभियंते. मूळ प्रोग्रामची शोधाशोध सुरू झाली. एका जुन्या बॅकअप टेपवर नंतरची आवृत्ती सापडली, पण तिचा सूर जुळेना. शेवटी केंब्रिजच्या पीटर बेनी यांनी कार्डावरच्या चिपांचं वागणंच सॉफ्टवेअरमध्ये उतरवायला घेतलं. त्यातल्या एनईसीच्या चिपची जवळची भावंडं कधीकाळी व्हिडिओ गेममध्ये वापरली गेली होती; म्हणून गेमवेड्यांनी हौसेने लिहिलेला कोड इथे कामी आला. जानेवारी 2018 मध्ये तो आवाज तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवरून हॉकिंगच्या खुर्चीत बोलू लागला. 14 मार्चला ते गेले. अखेरचे काही आठवडे का होईना, त्यांना आपला आवाज गमावण्याची धास्ती उरली नाही.

सामान्य माणसाच्या मागे असा ताफा कुठून येणार? त्याचं काम चालतं ते दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर. जुना सीपीयू उघडला की आधी धूळ झटकायची. मग कॅपॅसिटर बघायचे : 2000च्या आसपासच्या कित्येक बोर्डांवर ते डोक्यावर फुगलेले, तपकिरी गळलेले सापडतात. तारीख दर वेळी मागे जात असेल तर नाण्याएवढा सेल संपलाय. तो कुठल्याही दुकानात मिळतो. कार्ड उपसून त्याच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या खोडरबराने घासायच्या, पुन्हा नीट दाबून बसवायचं. एवढ्यावर कित्येक ‘मेलेली’ कार्डं बोलायला लागतात. सिरियलच्या पेटीला यूएसबी कन्व्हर्टर बहुधा चालतो. आयएसए कार्डाला मात्र तसाच स्लॉट लागतो आणि घरगुती मदरबोर्डांवरून तो 2000च्या सुमारास गेला. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, आणि ती डिस्क धडधाकट असतानाच काढून ठेवायला हवी. हे ऐन वेळी आठवून उपयोग नाही.

मराठीची यात एक वेगळीच अडचण आहे. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने डॉसच्या काळात संगणकावर देवनागरी आणली, त्यानंतर फॉन्टांची पॅकेजं आली. डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या फॉन्टांत टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरांची चिन्हं. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या पदरी निव्वळ गोंगाट पडतो. तो मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर कधी कधी मूळ पॅकेजच उघडावं लागतं. काही पॅकेजं प्रिंटर पोर्टला डाँगल लावल्याशिवाय उघडतच नाहीत. यूएसबी कन्व्हर्टरवर प्रिंटर चालतो, डाँगल सहसा ओळखला जात नाही. म्हणजे पुन्हा तो जुना पोर्ट आला, आणि पोर्टासाठी तो जुना संगणक. याच प्रिंटर पोर्टवर, म्हणजे पॅरलल पोर्टवर, चालणाऱ्या जुन्या ब्रेल छापयंत्रांची गतही हीच.

विंडोज 10चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. कार्यालयांतून पुन्हा एकदा संगणकांचे ढीग बाहेर पडताहेत. मोठ्या आस्थापनांनी ई-कचरा नोंदणीकृत संस्थांकडेच सोपवायचा, असं 2022चे नियम सांगतात आणि ते योग्यच आहे. शेंद्र्यातल्या आयटी आणि मेंटेनन्स विभागांना विनंती एवढीच, की गाडी भरण्याआधी दोन ढीग वेगळे काढावेत. सिरियल, पॅरलल पोर्टांचे आणि आयएसए स्लॉटचे जुने बोर्ड एका बाजूला. एनव्हीडीए आरामात चालेल असे चालू संगणक दुसऱ्या बाजूला. मग जवळच्या अंधशाळेला एक फोन करावा. हार्डडिस्क पुसून द्या, पण केबली आणि पॉवर कॉर्ड सोबत द्यायला विसरू नका.