बुटक्याचं माप

गुडघे बोलायला लागल्यापासून मी तण बसून काढते. नॉर्थहॅम्प्टनमध्ये इतकी वर्षं लोकांच्या बागा लावल्या, त्या सगळ्या उभ्यानं बघत. आता स्टुलावर बसून नजर खाली आली आणि जुना प्रश्न पुन्हा मानगुटीवर बसला: लाल टोपीचा, दाढीवाला नोम, म्हणजे बुटक्याचा पुतळा, बागेत ठेवावा का, आणि ठेवला तर कुठे?

रंगाचं जमवता येतं. टोपी फर्नच्या आड अर्धी दडवायची. तोंड वाटेकडे न ठेवता वाफ्याकडे ठेवलं, की टक लावून बघणंही थांबतं. घोडं अडतं ते मापावर. लॉनवर तो खेळणं दिसतो, गुलाबाखाली हरवतो, होस्टाचं एक पान त्याला अख्खं झाकतं.

माझ्या वाफ्यात त्याच्या घोट्याशी थाइम रांगतं, पाठीशी खुरटा कॉनिफर आहे. पायाखाली खडी, कारण टेराकोटा ओल्या मातीतलं पाणी पितो आणि थंडीत ते गोठलं की तडकतो. स्टुलावरून बघितलं तर तो कॉनिफर वृक्ष वाटतो. उठून उभी राहिले, की सगळा खेळ मोडतो!

जवळच्या लॅम्पोर्ट हॉलच्या सर चार्ल्स आयशम यांनी यावर केव्हाच तोड काढली होती. एकोणिसाव्या शतकात त्यांनी जर्मनीहून नोम आणले, पण आधी घराशेजारी दगडांचा उंच डोंगर रचला, त्यात खुरटी झाडं लावली आणि बुटक्यांना तिथे खाणकामाला जुंपलं. त्यातला 'लॅम्पी' तेवढा उरलाय. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण दुसरं काय करतो? अळिवाचं रान उगवतं, म्हणून मातीचा मावळा खरा वाटतो.

चेल्सी फ्लॉवर शोमध्ये नोमना बंदी; 2013 साली शताब्दीपुरती ती उठवली होती. आमच्या धंद्यातली नवी मंडळीही नोमला हसतात आणि गिऱ्हाइकाच्या अंगणात करड्या फरश्या घालून मधोमध गंजक्या पोलादाचा गोळा ठेवतात. त्याचं माप कोण बघतं? पण मी तरी काय बोलणार! बाग लोकांना खुली असायची, त्या दिवशी माझा नोम कंपोस्टच्या पेटीमागे जायचा. 'डिझायनर' म्हणवून घ्यायची हौस, दुसरं काय. अजूनही कुणी विचारलं, की 'नातवाचा आहे' असं ओठांवर येतं.

आता गुडघ्यांसाठी वाफाच कमरेइतका उंच बांधून घेतेय. सोय माझी, पण फायदा त्याचा: उभ्यानं बघणाऱ्यालाही तो जवळून, त्याच्या झाडांसकट दिसेल. ज्याला त्याच्यापुरता हातभर डोंगर रचायचा कंटाळा आहे, त्यानं नोम दुकानातच राहू द्यावा.