ढिगाऱ्यावरची माती

मी तासगावकडची. लग्न होऊन लखनौला आले आणि चौक या मोहल्ल्यातच रुजले. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं, आमच्या भागात कुणाला वाटत नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली आहेत. जिथे सराफ बाजार, तिथे विट्याकडचं एखादं बिऱ्हाड सापडायचंच. चौकातही सराफा आहे. गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा यांच्या मधल्या गल्ल्यांत चिकनकारी, अत्तर आणि कबाबांची दुकानं आहेत. त्यांच्या अधेमध्ये आमच्या लोकांच्या भट्ट्या. चौकाचं मराठीशी आणखीही एक नातं आहे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ ‘आँखों देखा गदर’ या नावाने हिंदीत नेणारे अमृतलाल नागर याच चौकात राहिले. त्यांच्या हवेलीवरून जाताना मला अजूनही बरं वाटतं.

पण मला लिहायचंय ते आमच्या गल्लीतल्या भाजीच्या बागेबद्दल, आणि तिच्यापायी माझ्यावर ज्यांचं देणं आहे त्यांच्याबद्दल.

गल्लीच्या तोंडाशी एक जुनी हवेली होती. एका पावसाळ्यात ती बसली. वारस चार गावी पांगलेले, कज्जा कोर्टात, त्यामुळे ढिगारा तसाच राहिला. वर्ष-दोन वर्षांत तो गल्लीचा उकिरडा झाला. डास, कुत्री, सडक्या भाजीचा वास. पहिल्यांदा घमेलं घेऊन त्या ढिगाऱ्यावर चढली ती शेजारची खाला. चिकनच्या भरतकामावर तिने तीन मुलं वाढवली होती. जाळी आणि मुर्रीचं इतकं बारीक काम करायची की चाळिशीतच डोळे अधू झाले. ती मला म्हणाली, “दुलहन, तुम लोग तो खेती वाले हो, कुछ उगाओ यहाँ.” मी द्राक्षबागायतदाराची मुलगी आहे हे तिच्या पक्कं लक्षात होतं. मी स्वतः ते जवळजवळ विसरले होते.

वारसांपैकी एकांनी तोंडी होकार दिला. अटी तीन: पक्कं बांधकाम नाही, झाड लावायचं नाही आणि सांगू तेव्हा जागा मोकळी करायची. त्या अटी आम्ही पाळल्या. अशा बागा बहुतेक ठिकाणी अशाच उधारीच्या जागेवर उभ्या राहतात. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा कचऱ्याने भरलेला भूखंड साफ करून बाग केली. दुसऱ्या वर्षी शहराने तो त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिला आणि आज तिथे तिच्याच नावाची बाग आहे. आमच्या गल्लीत एवढं काही होणार नव्हतं, हे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं.

ढिगारा उपसायला घेतला आणि लखौरी विटा निघू लागल्या. नवाबी काळातल्या या पातळ, लहान विटा. त्यांच्यामधला सांधा चुना-सुरखीचा, तो भुगा होऊन सगळ्या मातीत मिसळलेला. गलाईच्या दुकानातला केर-राख नेणारा न्यारिया (आमच्याकडे ज्याला झारेकरी म्हणतात तो) आपली मोठी चाळण घेऊन आला. ज्या हातांनी तो राखेतून सोन्याचे कण वेगळे करतो त्याच हातांनी त्याने आम्हाला ढिगारा चाळायला शिकवला. खडा वेगळा, वीट वेगळी, काच वेगळी. अख्ख्या निघालेल्या विटा वाफ्यांच्या कडेला रचल्या. सिमेंट नाही, नुसत्या एकावर एक.

गलाईच्या घरची असल्यामुळे एक धास्ती मला होती. चांदी गाळताना पूर्वी शिसं वापरत, आणि भट्टीची राख कुठल्या काळी कुठे टाकली याचा हिशेब जुन्या सराफ्यात कुणी ठेवलेला नसतो. माती तपासून घेतली. शिसं निघालं. पुष्कळजण म्हणाले, सोडा नाद. मी आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला.

आण्णा श्रीपाद दाभोलकरांच्या प्रयोग परिवारातले. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक, पण त्यांचा खरा वर्ग भरला तो शेतात. शेतकऱ्याने स्वतःच प्रयोग करावा, मोजमाप ठेवावं, दुसऱ्याच्या बागेत जाऊन पाहावं आणि आपल्याला कळलेलं हातचं न राखता सांगावं, एवढ्यावर त्यांनी माणसं जोडली. आमच्या भागातल्या द्राक्षबागा ज्या उभ्या राहिल्या त्यात या जोडणीचा मोठा वाटा आहे. दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, एका कुटुंबाचं नीट भागू शकतं, असं ते मांडत. ‘प्लेंटी फॉर ऑल’ हे त्यांचं पुस्तक १९९८ साली आलं आणि २००१ मध्ये ते गेले. पुढे दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बजवाड्याला तोच विचार पुढे नेला. आण्णा फोनवर म्हणाले, “जमीन खराब हाय न्हवं? मग तिच्यात पेरू नगंस. तिच्यावर माती कर.”

माती कर, हे ते स्वयंपाकाचं सांगावं तसं सांगत होते. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाणी घालायचं, हे अमृतजल. त्यात वाळका पाला दिवसभर भिजवायचा. मग पाल्याचा थर, वर चांगल्या मातीचा पातळ हात, पुन्हा पाला, असा दहा फूट लांब, तीन फूट रुंद, फूटभर उंच ढीग लावायचा. ओल राखायची, आठवड्याला वर-खाली करायचं. पाला कुजून काळा झाला की त्यावर तऱ्हेतऱ्हेचं बी पेरायचं: तिखट, कडू, तुरट, आंबट, गोड, खारट, सगळ्या चवींच्या झाडांचं. एकविसाव्या, बेचाळिसाव्या आणि त्रेसष्टाव्या दिवशी ती रोपं कापून परत त्याच ढिगात घालायची. कोवळ्या, जून आणि फुलावर आलेल्या पाल्यातून मातीला वेगवेगळं मिळतं. सगळं धरून साधारण साडेचार महिने, मग तयार होते ती अमृतमाती.

खालाला हे पटायला वेळ लागला. जी भाजी खायची नाही ती साडेचार महिने पेरायची कशाला, हा तिचा प्रश्न. पण शेण तिनेच आणलं, गोठेवाल्याशी भांडून. निर्माल्य कोनेश्वर महादेवाच्या देवळातून यायचं. त्यातल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि जरीचे धागे पोरं वेचून काढत.

मुंबईचं देणं थोडक्यात सांगते. माझी बहीण तिथे. तिच्यामुळे मला प्रीती पाटील यांचं काम कळलं. त्या मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये केटरिंग ऑफिसर होत्या. हजारो कामगारांचं जेवण करणाऱ्या तिथल्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज ओल्या कचऱ्याचा ढीग साठायचा. २००२ पासून त्यांनी आणि स्वयंपाकघरातल्या माणसांनी तो कचरा त्याच इमारतीच्या गच्चीवर जिरवायला सुरुवात केली आणि तिथे फळझाडं, भाज्या उभ्या केल्या. पुढे २००९ मध्ये ‘अर्बन लीव्ह्‌ज’ हा स्वयंसेवकांचा गट त्यांनी सुरू केला आणि दाभोलकर-सचदे यांची अमृतमाती शहरात आणली. त्याही आधी वांद्र्याच्या गच्चीवर डॉ. रमेश दोशी उसाच्या चिपाडात भाज्या काढत होते. चिपाडाचा हा धागा मी उचलला. लखनौला उन्हाळ्यात रसाच्या गाड्या जागोजाग असतात आणि चिपाड फुकट मिळतं, उलट गाडीवालाच उपकार मानतो. बारीक करून पाल्याबरोबर घातलं तर माती हलकी होते, पाणी धरते. मे महिन्यात लू सुटली की याची किंमत कळते.

पहिल्या हंगामात दुधी, दोडका, वालपापडी आणि भेंडी लावली. शिसं फळभाजीत कमी उतरतं, पालेभाजीत आणि कंदमुळांत जास्त, म्हणून ही निवड. तेवढ्यात वालपापडीची नवी पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं. मुलाने फोटो पाठवला. आण्णांनी पाहिला आणि लगेच म्हणाले, “चुनखडी.” आमच्याकडे चुनखडीच्या रानात द्राक्षाची पानं अशीच होतात, चुन्यामुळे झाडाला लोह घेता येत नाही. हवेलीचा चुना खालून वर येत होता. हिराकस पाण्यात विरघळवून फवारा, मातीत आणखी पाला घाला, असं त्यांनी सांगितलं. मग दुसरी गोष्ट सांगितली, तिने मला धीर आला: तोच चुना आणि तोच कुजका पाला शिसं धरून ठेवतो, झाडात सहज जाऊ देत नाही. ज्या हवेलीने आमची पानं पिवळी केली तीच आमची राखणही करत होती.

त्या हिवाळ्यात आण्णा स्वतः आले. चारबाग स्टेशनला उतरले तेव्हा हातात बियांची पुरचुंडी. दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीतली पोरं गोळा केली, चौकटींच्या वह्या आणायला सांगितल्या. प्रत्येकाने वालपापडीचं एक पान कागदावर ठेवून पेन्सिलीने कड आखायची. मग आतल्या चौकटी मोजायच्या. अर्ध्याहून मोठा तुकडा असेल तर एक धरायचा, लहान असेल तर सोडायचा. वेलीवरची पानं मोजून गुणाकार. किती चौरस फूट पान उन्हाला लागतंय ते काढायचं. दाभोलकर हेच शिकवत: शेतकरी पिकवतो ते ऊन, आणि ते धरणारं भांडं म्हणजे पान. आठवीतल्या एका मुलीने दुधीचं पान आखायला घेतलं, ते वहीत मावेना, तिने चार पानं चिकटवली. आण्णा तिच्याजवळ उकिडवे बसून चौकटी मोजत राहिले. खालाने आतून त्यांच्यासाठी मक्खन-मलई मागवली होती, ती तशीच राहिली.

खालाला मात्र शलजम हवे होते. ती रोज विचारायची. जमिनीखाली वाढणारं काही लावायचं नाही, हा माझा हट्ट. शेवटी प्लास्टिकची पिंपं आडवी कापून घेतली, भोकं पाडली, निव्वळ अमृतमाती भरली आणि त्यात शलजम लावले. जानेवारीच्या धुक्यात ते निघाले.

वाटणीचा नियम तिचा. मी म्हणत होते, जो काम करेल त्याला भाजी. तिने ऐकलं नाही. घरात खाणारी तोंडं किती, त्यावर जुडी. काम केलं न केलं हे पाहायचं नाही. यावर गल्लीत चांगली भांडणं झाली. ती म्हणायची, “जो आज नहीं आया, कल आएगा. भूखा तो आज है.” आणि तसंच झालं: आधी नुसती भाजी नेणाऱ्या घरांतून पुढे कुणी पाला आणू लागलं, कुणी सकाळचं पाणी घालू लागलं. मी आजवर अनेक मंडळं पाहिली, हिशेबावरून फुटलेली. आमची बाग तिच्या या एका नियमावर टिकली, असं माझं ठाम मत आहे. आण्णांनी माती दिली हे खरं. पण माणसं खालाने दिली.

आण्णा आता नाहीत. खाला आहे, जवळजवळ दिसत नाही. बोटांनी चाचपून दोडका कोवळा की जून ते सांगते.

वारसांचा कज्जा मिटला आहे. होळीनंतर जागा मोकळी करायची आहे, तिथे दुकानांचे गाळे होणार आहेत. कबूल केल्याप्रमाणे आम्ही ती देणार. तळाची वीतभर तिथेच सोडून वरची माती मात्र उचलणार. ती कुणाच्याही सातबाऱ्यावर नाही. थोडी गल्लीतल्या गच्च्यांवर जाईल, थोडी एका मदरशाच्या आवारात, थोडी आमच्या लोकांच्या गणपतीच्या मांडवामागच्या पट्टीवर. उरेल ती ज्याला हवी त्याला. अशा ढिगातली ओंजळभर जुनी माती नव्या ढिगात घातली तर ती विरजणासारखी काम करते.

वाचणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे. तुम्ही पुण्यात असा, सांगलीत असा की इंदूरला, तुमच्या सोसायटीत या हिवाळ्यात पानगळीचा पाला जाळला जाईल. तो जाळू देऊ नका. गोणीत भरून कोरड्या जागी ठेवा आणि चार घरांना सांगा की ठेवलाय. जागा नंतर शोधता येते.