कायद्याचे आकलन मोजताना

कारखान्याच्या मुख्य प्रवेशद्वाराशी अधिनियमाचा गोषवारा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावलेला असावा, असा दंडक 1948च्या कारखाने अधिनियमाच्या 108व्या कलमाने घालून दिला. आणि त्या फलकापुढून रोज पाळीवर जाणाऱ्या माणसाला त्यातले नेमके किती उमगले आहे, हे पडताळून पाहण्याचे काम कामगार कल्याण अधिकारी या नात्याने अनेक वर्षे माझ्याकडे होते.

अधिनियम कोणत्या सालचा, कलम कितवे, असे प्रश्न छापून घ्यावेत, उत्तरांना गुण द्यावेत आणि टक्केवारीचा तक्ता दप्तरी दाखल करावा, ही या कामातील रूढ वहिवाट मला निरर्थक वाटते; कारण पाठांतर पक्के असलेला मनुष्य अशा परीक्षेत सहज उत्तीर्ण होतो आणि स्वतःच्या पगाराच्या चिठ्ठीतील चूक मात्र त्याला दिसत नाही. म्हणून मी प्रश्न चिठ्ठीवरूनच काढीत असे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना 13,000 रुपये, नोकरी 12 वर्षांची, तर ग्रॅच्युइटी किती? 1972च्या अधिनियमाप्रमाणे मासिक वेतनाला 26ने भागून 15 दिवसांची रक्कम काढावयाची, म्हणजे वर्षामागे 7,500 आणि एकूण 90,000. ज्याचे उत्तर 78,000 येते त्याने महिना 30 दिवसांचा धरला, हे तत्काळ ध्यानात येते आणि दोन वाक्यांत त्याचे समाधान करता येते. परंतु राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी बुडाली, असे जो ठामपणे लिहितो, त्याची अडचण फार गंभीर. पाच वर्षांची सलग सेवा झाल्यावर राजीनामा दिला तरी ती रक्कम देय होते, आणि हे ज्याला उलटेच ठाऊक आहे तो ती मागावयास कधी येतच नाही. यास्तव प्रत्येक उत्तरापुढे 'खात्री' की 'अंदाज' अशी खूण करावयास मी सांगे, खात्रीने दिलेली चुकीची उत्तरे प्रथम वेगळी काढी, आणि पुढील वर्गांची आखणी त्यांवरूनच करी.

याहून कठीण बाब भयाची. मुकादम दाराशी उभा असता जादा कामाच्या मोबदल्याविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या कामगाराच्या ज्ञानाविषयी काहीच सांगत नाही. 1948च्या अधिनियमाप्रमाणे दिवसाला नऊ किंवा आठवड्याला 48 तासांपलीकडील कामास दुप्पट दर होता, हे माहीत असूनही तो 'साहेब देतील ते' असे लिहून मोकळा होतो. उत्तरपत्रिकेवर नाव नको, पर्यवेक्षक खोलीबाहेर, लिहिणे अवघड जाते त्याची तोंडी परीक्षा, एवढी पथ्ये पाळली की तोच कामगार 'आमच्याकडे ओटी सिंगलनेच मिळते' असे सांगू लागतो. तेथे परीक्षा संपते आणि तक्रार सुरू होते. त्या तक्रारीची दखल घेण्याची ज्याची तयारी नाही त्याने हा प्रश्न विचारूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठेकेदाराने मजुरी बुडवली तर कोणाकडे मागाल, या प्रश्नावर ठेकेदाराच्या माणसांकडून बहुधा 'कोणाकडे मागणार?' हाच प्रतिप्रश्न येई. 1970च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने ते दायित्व अशा वेळी मूळ मालकावर टाकले होते. पण पुष्कळदा कंपनीचे पर्यवेक्षकही याविषयी तितकेच अनभिज्ञ असत, म्हणून त्यांनीही तीच प्रश्नपत्रिका सोडवावी, असा माझा आग्रह असे.

2019 आणि 2020 साली संसदेने असे अनेक कायदे चार संहितांत एकत्र केले, आणि आता त्यांवर नव्या प्रश्नपत्रिका रचल्या जातील. त्या रचणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की मसुदा कायम करण्यापूर्वी तो ठेकेदाराच्या चार कामगारांना मोठ्याने वाचून दाखवावा, आणि ते जेथे अडखळतील तेथे वाक्य बदलावे.