नव्या संघातली जुनी खेळाडू

वाचकहो, तुमची नात मैदानी खेळ खेळत असेल, तर हे वाचाच. महाळुंगे येथील माझ्या दवाखान्यात परवा एक आजोबा नातीला घेऊन आले. महाविद्यालयाचा मुलींचा फुटबॉल संघ नव्याने उभा राहतो आहे. जुन्यांपैकी हीच एकटी उरलेली. २०२२ मध्ये महिला आशिया चषकाचे सामने बालेवाडीत झाले, तेव्हापासूनचे हे वेड! मात्र गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया होऊन सहाच महिने झाले आहेत. चालताना दुखत नाही, म्हणजे गुडघा खेळण्याजोगा झाला असे नव्हे. नऊ महिन्यांच्या आत सामना खेळल्यास पुन्हा दुखापतीचा धोका बराच वाढतो. त्यातून मुलींना ही इजा मुळातच अधिक होते. मी नकार दिला. ती रडली.

"सराव बघायला तरी जाऊ द्या, डॉक्टर," आजोबा म्हणाले.

त्याला माझी हरकत नव्हती. उलट, ‘फिफा ११+’ हा वीस मिनिटांचा व्यायाम खेळापूर्वी नव्या मुलींकडून करवून घेण्याचे काम मी तिला सुचवले.