आउटबोर्ड इंजिनाचा अस्थिर काटा

आउटबोर्ड इंजिनाच्या टॅकोमीटरचा काटा नाचू लागला म्हणजे मीटर बिघडले, हा समज कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील बोटमालकांत इतका दृढ आहे की, दुरुस्तीची सुरुवात बहुधा नवे मीटर विकत घेऊनच होते आणि नव्या मीटरचा काटाही तसाच नाचला, तर त्या मीटरच्या दर्जाला बोल लावला जातो. टॅकोमीटर इंजिनाचे फेरे थेट मोजते, ही कल्पना या समजाच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात काटा असलेल्या बहुसंख्य आउटबोर्डांत मीटर बॅटरी चार्ज करणाऱ्या विजेचे ठोके मोजते, आणि फेऱ्यांचा आकडा त्यावरून काढला जातो.

इंजिनाच्या माथ्यावर फिरणाऱ्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, आतल्या कडेला कायम चुंबके बसवलेली असतात आणि त्यांच्या मधोमध तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांचे स्थिर कडे, म्हणजे स्टेटर, असतो. चुंबके गुंडाळ्यांसमोरून सरकताना तारेत दिशा पालटत राहणारी वीज उत्पन्न होते. रेक्टिफायर तिला एकाच दिशेने वाहायला लावतो, रेग्युलेटर तिचा दाब मर्यादेत ठेवतो, आणि मगच ती बॅटरीत शिरते. मीटरकडे जाणारी संकेताची तार, जी पुष्कळ इंजिनांत करड्या रंगाची असते, या वाटेवर रेक्टिफायरच्या अलीकडे जोडलेली असते. बारा ध्रुवांच्या फ्लायव्हीलपासून दर फेऱ्याला सहा ठोके मिळतात, म्हणजे मिनिटाला ५००० फेरे होत असताना मीटरकडे सेकंदाला ५०० ठोके पोहोचतात. ध्रुवांची संख्या इंजिनानुसार बदलत असल्यामुळे अनेक मीटरांच्या पाठीवर ती निवडण्याचा खटका असतो. बारा ध्रुवांच्या इंजिनावर तो दहावर राहिला, तर ५००० फेऱ्यांना मीटर ६००० दाखवते. मात्र ही चूक सर्व वेगांना सारख्याच प्रमाणात होते व काटा स्थिर राहतो, त्यामुळे चुकीचा काटा आणि अस्थिर काटा हे दोष वेगळे धरावे लागतात. याच खटक्याच्या आतील पट्ट्यांवर खाऱ्या हवेने क्षार साचला, तर काटा उड्याही मारतो. किल्ली बंद ठेवून खटका काही वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला आणि मूळ जागी आणला, की हा दोष पुष्कळदा तेवढ्यावरच जातो.

काट्याकडे दुर्लक्ष करणे परवडत नाही, याला दोन कारणे आहेत. पूर्ण वेगात इंजिन निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेत, आजच्या अनेक इंजिनांत ५००० ते ६००० फेऱ्यांत, फिरते की नाही हे पाहूनच पंख्याचा पीच, म्हणजे एका फेऱ्यात त्याने कापायचे सैद्धांतिक अंतर, निवडला जातो. पीच एक इंचाने बदलला की फेऱ्यांत साधारण १५० ते २०० चा फरक पडतो, आणि खोट्या आकड्यावरून घेतलेला पंखा इंजिनाचे आयुष्य कमी करतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. नाचणारा काटा ही कित्येकदा चार्जिंग बंद पडत चालल्याची पहिली खूण असते, आणि बॅटरीवर अवलंबून असलेले इंजेक्शनचे इंजिन पर्यटकांनी भरलेल्या बोटीसह खाडीच्या मुखाशी बंद पडणे ही साधी गैरसोय नव्हे.

तपासणी बॅटरीपासून करावी. विंग नटांनी आवळलेली टोके बोटीच्या हादऱ्यांनी सैल होतात, म्हणून तेथे साधे नट व स्प्रिंग वॉशर घालणे श्रेयस्कर असते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात उभ्या राहिलेल्या बोटींत, तसेच पावसाळाभर बंद असलेल्या पर्यटक बोटींत, तांब्याची तार वेष्टणाच्या आतून हिरवी-काळी पडत जाते आणि बाहेरून मात्र धडधाकट दिसते. म्हणून तार डोळ्यांनी पारखण्यापेक्षा भार चालू असताना तिच्या दोन टोकांमधील व्होल्टेजची घट मोजावी. तारांपैकी अर्थिंगची काळी तार सर्वांत आधी तपासावी.

कारागिरांतील खरा वाद रेग्युलेटरविषयी आहे. बॅटरी पूर्ण भरल्यावर काटा फडफडला, की रेग्युलेटर गेला असे एक पक्ष सांगतो व तो बदलून टाकतो; हे घाईचे आहे. अनेक आउटबोर्डांत रेग्युलेटर जादा वीज अडवत नाही, तर बॅटरीचा दाब सुमारे साडेचौदा व्होल्टपर्यंत पोहोचला की स्टेटरची टोके क्षणभर अर्थिंगशी जोडून ती वीज तिथेच जिरवतो. त्या क्षणी संकेताच्या तारेवरील ठोका इतका बुटका होतो की, काही मीटरांना तो जाणवत नाही, मोजणीत खंड पडतो आणि काटा खाली घसरतो. अशा वेळी बोटीचे दिवे आणि तळातले पाणी उपसणारा पंप एकदम चालू करावेत. विजेला गिऱ्हाईक मिळाल्याने रेग्युलेटरला ती जिरवावी लागत नाही, आणि काटा स्थिरावला तर मीटर व तार ही दोन्ही निर्दोष ठरतात. इंजिन ३००० फेऱ्यांच्या वर असताना बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळत असतील, तर रेग्युलेटर आपले काम करीत आहे. पंधराच्या वर गेल्यास किंवा साडेबाराच्या आसपासच अडखळल्यास मात्र संशय रेक्टिफायर-रेग्युलेटरवर वा स्टेटरवर जातो. पाच मिनिटांची ही मोजणी टाळून महागडा भाग बदलणे, आणि जुना भाग ‘जळाला’ असे मालकाला सांगणे, हा या व्यवसायाला लागलेला डाग आहे.

स्पार्क प्लगकडे क्वचितच कुणी पाहते. अवरोधक, म्हणजे रेझिस्टर, नसलेला प्लग बसवल्यास ठिणगीचा विद्युत गोंगाट संकेताच्या तारेत शिरतो. एनजीकेच्या बीआर८एचएस या क्रमांकातील ‘आर’ अवरोधकाची खूण आहे, आणि बी८एचएस दिसायला तसाच असला तरी त्याचा पर्याय नाही.

सर्वांत कठीण दोष उष्णतेचा असतो. स्टेटरच्या गुंडाळीतील बारीक चीर थंड असताना जुळलेली राहते व तापल्यावर उघडते, त्यामुळे किनाऱ्यावर स्टँडवर लावलेले इंजिन सर्व चाचण्यांत उत्तीर्ण होते आणि समुद्रात अर्ध्या तासाने काटा शून्यावर जातो. गुंडाळीचा रोध पुष्कळदा एका ओहमहूनही कमी असल्याने साधे मल्टीमीटर तो विश्वासार्हपणे सांगत नाही, आणि अनुभवी कारागीरही थंड इंजिनावरून खात्रीचे निदान देऊ शकत नाही. दिवाळीच्या हंगामात बोट दिवसभर अडवून, इंजिन तापवून, पाण्यावरच मोजमाप घेणे मालकाला नकोसे होते, हे समजण्याजोगे आहे. परंतु काटा पडला त्या वेळी किती फेरे होते, इंजिन किती वेळ चालले होते, कोणते दिवे व पंप चालू होते आणि बॅटरीचे व्होल्टमीटर काय दाखवत होते, एवढ्या चार गोष्टी तांडेलाने तिथल्या तिथे वहीत टिपून ठेवल्या, तर कारागिराला दोष शोधायला कुठून लागायचे ते कळते.